पाहुणे आले की पिल्लानं कसं वागावं? पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

पाहुणा घरात आला की पिल्लानं त्याच्याशी लगेच दोस्ती केलीच पाहिजे, ही अपेक्षा आधी मनातून काढून टाका. ज्यांच्या घरी पहिल्यांदा पिल्लू आलंय त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. आपल्याला शिकवायचंय ते एवढंच: बेल वाजली की आपली एक जागा आहे, तिथे गेलं की खाऊ मिळतो आणि माणसांना भेटायला मिळतं ते चारही पाय जमिनीवर असतानाच. भेटायचं की नाही हे त्या पाहुण्यानं आणि पिल्लानं ठरवायचं, आपण दोघांनाही भरीला घालायचं नाही.

आमची गोटी देशी आहे, पुण्यात आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली. घर दोन खोल्यांचं आणि माणसांचा राबता भरपूर: सासरचे, माहेरचे, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, दिवसभर कुरिअरवाले. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं फ्लॅटमध्ये करून पाहिलेलं आहे. त्यासाठी अंगण लागत नाही.

आधी हे जमवून ठेवा

• छातीवरून जाणारा हार्नेस आणि पाच-सहा फुटांचा साधा पट्टा. खेचला की लांब होणारा पट्टा घरात नको, तो पाहुण्यांच्या पायात अडकतो.
• पिल्लाची स्वतःची बैठक. जुनी सतरंजी चौघडी घालून ठेवली तरी चालते. पावलं घसरणार नाहीत आणि उचलून दुसऱ्या खोलीत नेता येईल अशी हवी.
• खाऊचा घट्ट झाकणाचा डबा, दाराजवळ, पिल्लाच्या तोंडापासून उंच. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर किंवा रोजच्या खाण्यातलेच दाणे. तुकडा वाटाण्यापेक्षा मोठा नको, नाहीतर पिल्लाचं पोट दहा मिनिटांत भरतं आणि शिकवणी संपते.
• आतून पोकळ असलेलं रबरी खेळणं. त्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवलं की पिल्लू बराच वेळ चाटत बसतं.
• लहान मुलांसाठी दाराला लावतात तसं छोटं फाटक.
• लसीकरणाची वही, महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर, सगळं एका फाइलमध्ये. "इंजेक्शनं झालीत ना?" असं पाहुणे विचारतातच आणि त्यांचा तो हक्क आहे. परवाना काढताना रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो, म्हणून वहीवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि तारीख आहे ना, हे दवाखान्यातच बघून घ्या.

१. लसी पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका

पिल्लाच्या वयाचे साधारण ३ ते १४ आठवडे फार मोलाचे असतात. या काळात ज्या तऱ्हेची माणसं, आवाज आणि वास ओळखीचे होतात, त्यांची भीती पुढे सहसा राहत नाही. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगभरचे प्रशिक्षक त्याच पायावर उभे आहेत.

अडचण अशी की लसींचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन जवळपास सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर कुणालाच भेटवायचं नाही असं ठरवलं, तर तो मोलाचा काळ हातचा जातो. यावर घरी येणारे पाहुणे हाच उत्तम उपाय आहे. चपला बाहेर काढून ठेवायची आपली पद्धत इथे औषधासारखी कामी येते, कारण पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांच्या तळव्यांना चिकटून घरात येऊ शकतो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. चपला बाहेर, आल्यावर साबणानं हात धुणं, आणि ज्यांच्या घरी आजारी कुत्रा आहे त्यांनी सध्या येऊ नये, एवढी पथ्यं पाळून माणसं बोलवा.

माणसंही निरनिराळी हवीत. दाढीवाले काका, काठी टेकत येणारे आजोबा, नऊवारीतल्या आजी, हेल्मेट हातात घेऊन आलेला भाचा, पावसाळ्यात ओल्या रेनकोटातला शेजारी. पिल्लाच्या नजरेतून ही सगळी वेगवेगळी जनावरं आहेत. प्रत्येकाची ओळख दुरून, खाऊसोबत आणि थोड्या वेळापुरती करून द्या.

२. घरातल्यांचं एकमत करा

आजोबा म्हणतात "बस", मुलगी म्हणते "सिट", बाबा म्हणतात "ए, खाली". पिल्लासाठी हे तीन वेगळे आवाज आहेत. एक शब्द ठरवा आणि तो कागदावर लिहून फ्रीजवर लावा. उडी मारली तर काय करायचं, सोफ्यावर घ्यायचं की नाही, ताटातलं द्यायचं की नाही, हेही तिथेच लिहा. घरातला एक जण जरी उडी मारल्यावर कौतुकानं उचलून घेत असेल, तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशा गोष्टीसाठी कुत्रा जास्तच हट्ट धरतो.

३. "जागेवर" शिकवा, पाहुणे नसताना

सगळ्या शिकवणीचा कणा हा आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

पहिल्यांदा सतरंजी अंथरा आणि काहीही न बोलता वाट बघा. पिल्लू वास घ्यायला त्यावर आलं की खाऊ सतरंजीवरच ठेवा. हातातून देऊ नका, नाहीतर पिल्लाचं लक्ष हाताकडे लागतं. आपल्याला हवंय ते सतरंजीकडे. दोन-तीन मिनिटं झाली की थांबा. दिवसातून तीन-चार वेळा एवढंच पुरतं, कारण पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात आणि थकलेलं पिल्लू शिकत नाही, चावतं.

सतरंजी दिसली की पिल्लू आपणहून त्यावर जायला लागलं, की मग शब्द जोडा: "जागेवर". शब्द आधी, मग पिल्लाचं जाणं, मग खाऊ. त्यानंतर तिथे थांबण्याचा वेळ वाढवा. इथे नीट निरखून बघा. पिल्लू आडवं झालं तरी मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसलं असेल, तर ते उठायच्या तयारीत आहे. एक कुल्ला जमिनीला टेकवून पाय बाजूला पसरले, मान खाली आली, एक मोठा श्वास सुटला, की समजा पिल्लू खरंच सैल झालं. खाऊ त्या क्षणाला द्या, हळूच, पुढच्या दोन पंजांच्या मधे. गोटीला हे समजल्यावर ती सतरंजीवर येऊन मुद्दाम कुल्ल्यावर कलायला लागली. मग मी तिच्याकडे पाठ करून एक पाऊल, दोन पावलं, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत यायला लागले.

सुटका करायचाही शब्द ठेवा, "चल" वगैरे. तो ऐकल्यावरच उठायचं. हा शब्द नसेल तर कधी उठायचं हे पिल्लू स्वतःच ठरवतं.

जागेवर पाठवणं ही शिक्षा कधीही होऊ देऊ नका. रागानं "जा जागेवर" म्हटलंत, की ती जागा पिल्लाच्या मनातून उतरते.

४. बेलची सवय करा

बेल वाजल्यावर भुंकणारं पिल्लू खोडकर असतंच असं नाही. कुरिअरवाला येतो, पिल्लू भुंकतं, तो निघून जातो. पिल्लाला वाटतं, आपल्या भुंकण्यानं गेला. रोज चार-पाच वेळा हा धडा त्याला फुकटात मिळत असतो.

मोबाइलवर आपल्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करा. अगदी बारीक आवाजात लावा आणि सतरंजीवर खाऊ ठेवा. कान टवकारले तरी चालेल, उठून पळालं तर आवाज फार मोठा होता असं समजा. हळूहळू आवाज वाढवा. मग घरातल्याच कुणाला तरी बाहेर उभं करून खरी बेल वाजवायला सांगा. त्यानंतर बेल आणि दार उघडणं. त्यानंतर बेल, दार उघडणं आणि माणूस आत येणं. या तिन्हींची सवय वेगवेगळी करा, एकदम नको. दुधाच्या पिशव्या देणारे, कचरा न्यायला येणारे, कामाच्या मावशी ही सरावाची सोन्यासारखी संधी आहे, पण आधी त्यांना विचारा. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांच्यावर सराव करायचा नाही.

५. पाहुणा येण्याआधी

यायच्या अर्धा तास आधी पिल्लाला फिरवून आणा, शी-शू होऊ द्या. लहान पिल्लाला शू साधारण वय जितके महिने, तितके अधिक एक तास धरवते, तेही शांत असताना. घरात नवा माणूस आला की आनंदानं किंवा भीतीनं काही पिल्लं तिथेच शू करतात. त्यावर ओरडलात तर प्रकार वाढतो. निमूट पुसून घ्या. वाढत्या वयाबरोबर ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं.

पाहुण्यांना आधीच निरोप पाठवा. मी पाठवते तो असा, हवा तर जसाच्या तसा वापरा:

"आमच्याकडे छोटं पिल्लू आहे, ते अजून शिकतंय. आत आल्यावर पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे बघू नका, बोलू नका, हात लावू नका. ते जवळ आलं आणि चारही पाय खाली असले तरच छातीपाशी हळू खाजवा, डोक्यावरून हात फिरवू नका. उडी मारली तर पाठ फिरवा. काहीही खायला देऊ नका. कुत्र्याची भीती किंवा अ‍ॅलर्जी असेल तर मोकळेपणानं सांगा, ते दुसऱ्या खोलीत राहील."

हा निरोप पाठवायला संकोच वाटतो, पण वाचल्यावर कुणी नाराज होत नाही. उलट भीती वाटणाऱ्यांना हायसं वाटतं.

पहिल्या सरावासाठी शांत आणि तुमचं ऐकणारा एकच पाहुणा निवडा. "मला कुत्र्यांचं सगळं कळतं" म्हणून थेट पिल्लाला उचलून घेणारे काका पहिल्या महिन्यात नकोत.

६. प्रत्यक्ष पाहुणा आल्यावर

पिल्लाला हार्नेस आणि पट्टा लावलेला हवा, पट्टा घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात सैल धरलेला. दार दुसऱ्यानं उघडायचं. घरी एकटेच असाल तर पिल्लाला फाटकाच्या आत ठेवून दार उघडा. पाहुणे स्थिरस्थावर होऊन पाणी पिईपर्यंत पिल्लू जागेवर, थोड्या-थोड्या वेळानं खाऊ. मग "चल" म्हणून सैल पट्ट्यानं पाहुण्यांकडे न्या.

उडी मारली की पाहुण्यानं हात छातीशी घ्यायचे आणि पाठ वळवायची. तुम्ही पट्ट्यासकट दोन पावलं मागे या. पाय खाली आले की परत पुढे. उडी मारली की माणूस लांब जातो, पाय खाली ठेवले की जवळ येतो, हे पिल्लाला यातून कळतं. "नाही, नाही" ओरडणं, गुडघा मारणं, पंजे दाबणं यातलं काही करू नका. हातानं ढकलणं तर पिल्लाला खेळच वाटतो. आणि एक तयारी ठेवा: आजवर उडी मारून जे मिळत होतं ते बंद झालं, की पहिले काही दिवस उड्या वाढतात. बरेच जण नेमके इथे कंटाळून सोडून देतात. तेवढा काळ निभावून न्या.

आपल्याकडचा एक खास प्रसंग म्हणजे वाकून नमस्कार. सून किंवा नातू आजींच्या पाया पडायला वाकला, की त्याचं तोंड थेट पिल्लाच्या उंचीवर येतं आणि पिल्लू झेप घेतं. नमस्कार होईपर्यंत पिल्लू जागेवरच. घरातल्या घरात खोटे-खोटे नमस्कार करून याचा सराव होतो, आणि घरातली मुलं तो आनंदानं करतात.

भेट थोडक्यात आटपा. तीन सेकंद खाजवायचं, हात बाजूला घ्यायचा. पिल्लू अजून जवळ सरकलं तर पुन्हा. तोंड वळवलं, ओठ चाटले, भूक-झोप नसताना जांभई दिली, शेपूट पायात घेतली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, तर त्याला पुरे झालंय. त्याला जागेवर जाऊ द्या.

७. दात आणि पदर

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि समोर जे हलेल ते तोंडात जातं. पदर, ओढणी, पायजम्याची नाडी, बुटाची लेस. माझ्या मावशीनं गोटीच्या तोंडातून पदर ओढून घ्यायला सुरुवात केली आणि गोटीनं चारही पाय रोवले, कारण रस्सीखेच तिला फार आवडते. कापड ओढायचं नाही. पाहुण्यानं हालचाल थांबवायची, तुम्ही पिल्लाच्या नाकाशी खाऊ धरायचा, तोंड उघडलं की पदर सोडवून घ्यायचा आणि पिल्लाच्या तोंडात चघळायचं खेळणं द्यायचं. पाहुणे घालून आलेले मोजे आणि दाराबाहेरच्या चपलाही उंचावर ठेवा.

दात किंवा नख लागून पाहुण्याला ओरखडा आला तर "काही होत नाही, पिल्लूच आहे" म्हणून सोडून देऊ नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पिल्लाची लसीकरणाची वही बरोबर न्या. लसी अपुऱ्या असतील तर हे अधिकच गरजेचं. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर उपचार जवळजवळ नाहीतच, म्हणून भिडेखातर यात सूट द्यायची नाही.

८. खाण्याच्या वेळी

पाहुण्यांच्या हातात बशी आली की पिल्लू जागेवर आणि त्याच्यासमोर ते गोठवलेलं रबरी खेळणं. आपण जमिनीवर पंगत मांडत असू, तर पिल्लू फाटकाच्या पलीकडेच बरं. नाकासमोर ताट ठेवून शांत बसायची अपेक्षा लहान पिल्लाकडून करू नये.

पाहुण्यांना प्रेमानं भरवायची सवय असते आणि आपल्या फराळात धोक्याच्या गोष्टी बऱ्याच असतात. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशींना मारक आहेत, म्हणजे कांदेपोहे, भजी, लसणाचा चिवडा बाद. मनुका, बेदाणे आणि द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, त्यामुळे लाडू आणि शिरासुद्धा नको. चॉकलेट विषारी. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असेल तर तेही फार घातक. मटण-चिकनची शिजवलेली हाडं फुटून अणकुचीदार होतात आणि आतड्यात रुततात. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघू नका. काय आणि किती खाल्लं ते सांगायला लगेच पशुवैद्याला फोन करा.

द्यायचंच असेल तर तुमच्या डब्यातले दोन तुकडे पाहुण्यांच्या हाती द्या, पिल्लू जागेवर असताना सतरंजीवर ठेवायला.

९. लहान मुलं आणि घाबरणारी माणसं

पाच-सहा वर्षांखालची मुलं आणि पिल्लू, यांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही सोडू नका. मुलं पळतात, किंचाळतात, मिठी मारतात आणि पिल्लू त्यांच्यामागे लागतं. मुलांना "झाड हो" हा खेळ शिकवा: पिल्लू अंगावर आलं की हात बांधायचे, पायांकडे बघायचं, हलायचं नाही. झोपलेल्या किंवा खात असलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांच्या मुलांनाही लागू.

घाबरणाऱ्या माणसाला "काही करत नाही हो तो" असं म्हणू नका. त्याची भीती खरी असते. पिल्लाला आतल्या खोलीत ठेवा आणि विषय वाढवू नका. ज्यांना सोवळ्या-ओवळ्यामुळे कुत्र्याचा स्पर्श नको असेल त्यांच्याशीही तसंच. पिल्लाला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही, ते आत आपलं खेळणं चघळत पडतं.

आणि पिल्लू पाहुण्यावर गुरगुरलं तर त्याला रागावू नका, मारू तर मुळीच नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबून टाकली की पुढच्या वेळी सूचना न देता चावण्याची शक्यता वाढते. अंतर वाढवा आणि नंतर विचार करा, नेमकं कशानं घाबरलं.

१०. गणपती, हळदीकुंकू, सत्यनारायण

या दिवशी शिकवणी नाही. सतत उघडं दार, आरतीच्या झांजा, धूप, पायांची गर्दी, यातून चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला काही शिकता येत नाही. आतली खोली, पंखा, पाणी, सतरंजी, चघळायला खेळणं आणि खोलीच्या दारावर "आत पिल्लू आहे, दार उघडू नये" अशी चिठ्ठी. दर दोन तासांनी कुणीतरी आत जाऊन शूला घेऊन जायचं, आणि हे काम कुणाचं ते सकाळीच ठरवायचं. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच, कारण पिल्लं हरवतात ती बहुतेक अशाच दिवशी, उघड्या दारातून. दिवाळीच्या फटाक्यांत तर नक्कीच.

पुढे काय होतं

सहा-सात महिन्यांच्या पुढे पिल्लू वयात येतं आणि शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागायला लागतं. घाबरू नका, सतरंजी पुन्हा काढा आणि तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. या वेळी फार लवकर जमतं.

मात्र पाहुणा दिसताच पिल्लू दगडासारखं ताठ होत असेल, ताटलीजवळ किंवा सोफ्याजवळ कुणी आलं की दात दाखवत असेल, किंवा अनोळखी माणूस आला की तासन् तास पलंगाखालून बाहेर येत नसेल, तर घरच्या घरी प्रयोग करू नका. आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या, कारण कानदुखी किंवा पोटदुखीनंही पिल्लू असं वागतं. मग कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या प्रशिक्षकाकडे जा. पट्ट्याला झटके देणारा, काटेरी किंवा शॉक देणारा गळपट्टा सुचवणारा प्रशिक्षक असेल तर तिथून परत या. जाताना मोबाइलवर घरातल्या त्या प्रसंगाचा छोटा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात गेल्यावर पिल्लू तसं वागेलच असं नाही.